डीबी-वन की डीबी-टू? गिटलॅबच्या एका रात्रीचा घटनाक्रम

गिटलॅब डॉट कॉमवर जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, चुकांच्या नोंदी करतात, एकमेकांचं काम तपासतात. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री या साइटचा मुख्य डेटाबेस कंपनीच्याच एका इंजिनिअरच्या हातून पुसला गेला. मग बॅकअप शोधायला गेल्यावर बॅकअपच सापडेना. कंपनीने काहीही न झाकता १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल जाहीर केला. त्या रात्रीची कच्ची टिपणं तर काम चालू असतानाच सगळ्यांना वाचायला खुली होती. पुढच्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतल्या आहेत. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे.

ही गोष्ट सांगताना लोक सगळा दोष फोल्डर पुसणाऱ्या त्या एका कमांडवर टाकतात. मला ती कमांड दुय्यम वाटते. खरी पडझड तिच्या कितीतरी आधी, कुणाचंही लक्ष नसताना झाली होती.

त्याआधी: न झालेला बॅकअप

चोवीस तासांतून एकदा पीजी-डंप या प्रोग्रामने डेटाबेसची पूर्ण प्रत काढायची आणि ती अमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत टाकायची, अशी व्यवस्था होती. काम क्रॉनकडे सोपवलेलं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारं. ते सुरू व्हायचंही. फक्त सुरू होताच एरर देऊन बंद पडायचं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. गिटलॅबच्या ‘ओम्निबस’ पॅकेजमध्ये तेव्हा पोस्टग्रेस डेटाबेसच्या दोन आवृत्त्या एकत्र येत, ९.२ आणि ९.६. त्यातली कोणती वापरायची हे ओम्निबस स्वतःच ठरवायचं. त्याची रीत अशी: डेटाबेसचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जायचं, पीजी-व्हर्जन नावाची फाइल उघडायची आणि आतला आकडा वाचायचा. फोल्डरच्या या पत्त्याला अहवालात पीजीडीआयआर असं व्हेरिएबलचं नाव दिलं आहे. फाइल अगदी चिमुकली, आत फक्त आवृत्तीचा आकडा. ९.६ दिसला तर ९.६ची साधनं घ्यायची, नाहीतर ९.२ची.

घोळ त्या ‘नाहीतर’मध्ये होता. बॅकअपचं काम चालायचं ॲप्लिकेशन सर्व्हरवर. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असल्यामुळे इथे पोस्टग्रेसचं डेटा फोल्डरच नव्हतं. फोल्डर नाही म्हणून फाइल नाही, फाइल नाही म्हणून ओम्निबसने ९.२ गृहीत धरलं. डेटाबेस मात्र ९.६वर चाललेला. आपल्यापेक्षा नव्या आवृत्तीच्या सर्व्हरची प्रत काढायला जुना पीजी-डंप साफ नकार देतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. अर्धवट प्रत हाती देण्यापेक्षा नकार कधीही बरा.

नकाराची खबर मिळायची सोयही होती. क्रॉनचं काम फसलं की ईमेल जात असे. पण गिटलॅबने आपल्या डोमेनसाठी डीएमार्क वापरायला सुरुवात केली होती. आलेली ईमेल खरंच त्या डोमेनवरून आली आहे की नाही, हे पडताळायची ही पद्धत. क्रॉनच्या ईमेलींसाठी ती जोडणी करायची राहिली होती, त्यामुळे त्या ईमेली घेणाऱ्या सर्व्हरकडून परस्पर नाकारल्या जात. बॅकअप फसत होता, फसल्याची ईमेल फसत होती, आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसत होतं.

“हाताने चालवलं तर चालतं, क्रॉनमधून चालत नाही,” हे गाऱ्हाणं हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही ऑफिसात ऐकू येतं. त्याची जातकुळी हीच. आपण लॉगिन करतो तेव्हा प्रोफाइलमधली सगळी व्हेरिएबल्स आपल्यासोबत येतात: पाथ, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड कुठे आहे ते. क्रॉन लॉगिन करत नाही. तो मोजक्या चार व्हेरिएबल्सवर काम सुरू करतो. प्रोग्राम तोच, मशीनही तेच, पण भोवतालचं एन्व्हायर्नमेंट वेगळं. एखादं व्हेरिएबल सापडलं नाही की प्रोग्राम एकतर थांबतो, नाहीतर स्वतःच्या मनाने काहीतरी धरून पुढे जातो. दुसरी सवय जास्त घातक.

३१ जानेवारी, पहाटे १.००. साडेबावीस तास बाकी

रोज या वेळी मुख्य डेटाबेसच्या डिस्कचा स्नॅपशॉट घेऊन तो स्टेजिंगवर चढवला जात असे. स्टेजिंग म्हणजे चाचणीसाठी उभी केलेली हुबेहूब दुसरी मांडणी. हेतू चाचणीपुरताच होता. बॅकअप म्हणून याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

१७.२०. सहा तास बाकी

एका इंजिनिअरला स्टेजिंगवर पीजीपूल हे साधन तपासून पाहायचं होतं. डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटता येतो का, हा प्रश्न होता. पहाटेचा डेटा त्याला शिळा वाटला, म्हणून त्याने मुख्य डेटाबेसचा ताजा स्नॅपशॉट हाताने घेतला आणि स्टेजिंगवर चढवला. दिवसभरातल्या शंभर कामांसारखं एक काम. गिटलॅबचं नुकसान पुढे काही तासांच्या डेटावर निभावलं ते केवळ या कामामुळे.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजायला दहा मिनिटं होती.

१९.००. साडेचार तास बाकी

डेटाबेसवरचा भार अचानक चढू लागला. स्पॅम खात्यांचा धुमाकूळ असावा असा अंदाज होता. लोकांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या जाईनात. भार आटोक्यात आणण्यात काही तास गेले.

नंतर कळलं की भाराचं एक कारण घरातच होतं. कुणीतरी गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार केली होती. तक्रार तपासणाऱ्याच्या नजरेतून हे खातं कुणाचं आहे ते निसटलं आणि खातं काढून टाकायच्या रांगेत गेलं. त्या कर्मचाऱ्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम मागे चालू होतं, आणि त्याचा बोजा डेटाबेसवर पडत होता.

२३.००. अर्धा तास बाकी

गिटलॅबचे डेटाबेस सर्व्हर दोन: डीबी-वन हा मुख्य, डीबी-टू त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत. डीबी-वनवरचे बदल लॉगच्या तुकड्यांतून डीबी-टूकडे जात. भार इतका वाढला की डीबी-टू मागे पडला, आणि त्याला हवे असलेले तुकडे डीबी-वनवरून तोवर पुसलेही गेले. तुकडे वेगळे जपून ठेवायची व्यवस्था नव्हती. म्हणजे आता एकच मार्ग: डीबी-टूचं डेटा फोल्डर रिकामं करायचं आणि डीबी-वनवरून सगळी प्रत नव्याने ओढायची. हे काम हाती घेतलेला इंजिनिअर खरं तर त्या दिवसाचं काम आटोपून उठायच्या बेतात होता. त्याच्या घड्याळात मध्यरात्र झाली होती.

त्याने डीबी-टूचं फोल्डर पुसलं आणि प्रत ओढायची कमांड दिली. कमांड गप्प. एरर नाही, प्रगती नाही. सगळं सविस्तर सांग असा पर्याय देऊनही एक अक्षर नाही.

काही खटपटींनंतर एक निरोप आला: डीबी-वनकडे प्रत पाठवायला मोकळी जोडणी नाही. ही मर्यादा तीनवर होती, ती बत्तीस केली. आता पोस्टग्रेस सुरूच होईना. कारण निघालं दुसरंच सेटिंग: एकूण जोडण्यांची मर्यादा ८०००. हा आकडा अवाच्या सवा होता, पण जवळपास वर्षभर तो तसाच बसलेला आणि कुणाला त्रास झालेला नव्हता. २००० केल्यावर पोस्टग्रेस उठला. अशा सेटिंगांचा हाच वैताग असतो. चुकीचा आकडा टाकला त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते महिन्यांनी, दुसऱ्याच कुणीतरी दुसरंच काही बदलल्यावर, आणि तेही नेमकं आणीबाणीत.

प्रत ओढणारी कमांड अजून गप्पच. मग आतून काय चाललंय ते पाहायला एस-ट्रेस हे साधन लावलं. कमांड कशाची तरी वाट पाहत बसली आहे, एवढंच त्यातून कळलं. खरी गोष्ट अशी की तिचं वागणं अगदी रीतसर होतं. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत ती मुकाट थांबून राहते. हे माहीत असलेला सहकारी त्या वेळी तिथे नव्हता, आणि ते ना कंपनीच्या कार्यपुस्तिकेत नीट लिहिलेलं होतं ना पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीत.

२३.२७. डीबी-वन

इंजिनिअरला वाटलं, मघाच्या प्रयत्नांत डीबी-टूच्या फोल्डरमध्ये काही फाइली पडल्या असतील आणि कमांड त्यावर अडत असेल. फोल्डर पुन्हा एकदा पुसून टाकलं म्हणजे झालं.

त्याने पुसायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की समोरची खिडकी डीबी-टूची नाही, डीबी-वनची आहे. त्याने कमांड मध्येच थांबवली. सुमारे ३१० जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते.

दोन सेकंदांत तीनशे जीबी कसे जातात? पुसण्याची कमांड डिस्कवरचा मजकूर खोडत बसत नाही, ती फक्त फाइलींच्या नोंदी काढून टाकते. पोस्टग्रेस मोठी टेबलं एकेक जीबीच्या फाइलींत ठेवतो, त्यामुळे एवढ्या प्रचंड डेटाच्या नोंदीही मोजक्याच. आणि सर्व्हरवर रिसायकल बिन नसतो.

दोन्ही खिडक्या दिसायला एकसारख्या. काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, नावात एका आकड्याचा फरक. एकाच सोसायटीच्या ए आणि बी विंगमध्ये जिना तोच, दरवाज्याचा रंग तोच. रात्री उशिरा दमून आलेला माणूस चौथ्या मजल्यावर परक्या कुलपात किल्ली फिरवतो, तसं हे. त्यात भर म्हणजे प्रॉम्प्टची नेहमीची मांडणी. टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला काय दिसावं हे पीएस-वन या व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं असतं. त्यात बॅकस्लॅश आणि लहान एच असेल तर मशीनचं नाव पहिल्या टिंबापर्यंतच दिसतं. मग ‘डीबी-वन डॉट क्लस्टर’ आणि ‘डीबी-वन डॉट स्टेजिंग’, म्हणजे खरा आणि चाचणीचा, दोघंही पडद्यावर नुसते ‘डीबी-वन’. मोठा एच लिहिला की पूर्ण नाव दिसतं. फरक एका अक्षराचा, पण तो बदलायला सहसा कुणी जात नाही.

भारतात पहाटेचे पाच वाजत आले होते.

२३.३० ते मध्यरात्र. शोध

आता एस-थ्रीमधल्या प्रती काढायच्या. साठवण उघडली तर रिकामी. बॅकअपच्या नावाने इकडे तिकडे सापडलेल्या फाइली काही बाइटच्या. ९.२ आणि ९.६चा घोळ उघडा पडला तो या क्षणी.

सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर होते. तिथले डिस्क स्नॅपशॉट? ते कोड ठेवणाऱ्या सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरांसाठी नव्हते. बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असं धरून चालले होते. डीबी-टू? तो तर मघाशीच हाताने रिकामा केलेला. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच वेगवेगळ्या पद्धती. त्यातली एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती, अशी नोंद त्या रात्रीच्या टिपणांत आहे. उरला तो स्टेजिंगवरचा, १७.२०चा, पीजीपूलच्या चाचणीसाठी घेतलेला स्नॅपशॉट. तो नसता तर जवळपास पूर्ण दिवसाचा डेटा गेला असता.

१ फेब्रुवारी, ००.३६

स्टेजिंगच्या डेटाबेसची आधी एक प्रत काढून ठेवली. हातात शिल्लक असलेली ही एकमेव वस्तू होती आणि आता तिच्यावर कुणाचा हात चुकून पडायला नको होता. मग डेटा मुख्य सर्व्हरकडे नेणं सुरू झालं. वाचलेल्या तुकड्यांसाठी तात्पुरतं एक फोल्डर केलं, त्याचं नाव ठेवलं डीबी-मेल्टडाउन. असल्या वेळीही इंजिनिअरांची विनोदबुद्धी जागी असते.

इथे आणखी एक गाठ बसली. खर्च वाचवावा म्हणून स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या घेतल्या होत्या, आणि त्यांचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास बांधलेला. प्रोसेसर मोकळा, नेटवर्क मोकळं, पण डिस्कमधून डेटा थेंबथेंब येणार. महागड्या डिस्कवर तिथल्या तिथे जायची सोयही नव्हती. प्रत निघायला सुमारे अठरा तास लागले.

दिवसभर

बहुतेक कंपन्यांनी या क्षणी ‘तांत्रिक अडचण’ एवढीच पाटी लावली असती. गिटलॅबने टिपणं सगळ्यांना वाचायला मोकळी केली आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक ते पाहत होते. डेटाच्या प्रतीचे टक्के सरकताना बघायला माणसं बसली, यावर विश्वास बसणं कठीण. पण ज्यांनी सर्व्हर सांभाळले आहेत त्यांना समजेल.

भारतात बुधवार, कामाचा दिवस. सकाळी अकराला अरुण जेटलींचा अर्थसंकल्प, रेल्वे पहिल्यांदाच त्यात सामावलेली. टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. गिटलॅब डॉट कॉमवर कोड ठेवणाऱ्या इथल्या प्रोग्रामरांचं ऑफिस मात्र बंद साइटसमोर सुरू झालं आणि तिच्यासमोरच संपलं.

१८.१४. साइट परत

डेटाबेस लागला. नवे क्रमांक जुन्या, हरवलेल्या क्रमांकांवर आदळू नयेत म्हणून सगळे अनुक्रम एक लाखाने पुढे सरकवले. आपल्याकडे पावणेबारा वाजत आले होते.

१७.२०पासून मध्यरात्रीपर्यंतचा डेटा कायमचा गेला. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. लोकांचा कोड मात्र वेगळ्या सर्व्हरांवर असल्यामुळे सुखरूप राहिला.

नंतर

त्या इंजिनिअरला कामावरून काढलं नाही. इंटरनेटवर त्याच्यासाठी ‘हगऑप्स’ या हॅशटॅगने धीर देणाऱ्या संदेशांची रांग लागली. अहवालाने प्रश्न वेगळाच विचारला: बॅकअप परत उतरवून पाहायची जबाबदारी कुणाची होती? उत्तर होतं, कुणाचीच नाही. माझ्या मते सगळ्या अहवालातलं सर्वात जड वाक्य हेच.

दुरुस्तीच्या यादीत वरच एक बारकंसं काम होतं: सगळ्या मशीनवरचं पीएस-वन बदलायचं, म्हणजे कोणता सर्व्हर, खरा की चाचणीचा, हे टर्मिनलकडे पाहताच कळेल. बैल गेला आणि झोपा केला म्हणून याला हसता येईल. पण हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते आजही झालेलं नाही. त्याखाली बॅकअप होतो की नाही यावर देखरेख, जोडण्यांच्या मर्यादेला शहाणपणाचा आकडा, स्नॅपशॉट दिवसातून एकदाऐवजी तासाला एकदा, लॉगचे तुकडे बाहेर जपून ठेवणं.

मला मात्र त्या ‘नाहीतर’कडे परत जावंसं वाटतं, कारण तो आपल्या रोजच्या स्क्रिप्टांत पसरलेला असतो. शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन आणि डॅश लिहिला की अर्थ होतो: सापडलं नाही तर हे गृहीत धर. कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहिलं की अर्थ होतो: सापडलं नाही तर इथेच थांब आणि ओरड. पहिलं लिहिणं सोयीचं, म्हणून सगळे तेच लिहितात. काहीच न लिहिणं तर त्याहून वाईट. २०१५च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग ॲपच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरच्या पत्त्याचं व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि ‘त्या फोल्डरमधलं सगळं पूस’ या आज्ञेचा अर्थ ‘मुळापासून सगळं पूस’ असा झाला. एका वापरकर्त्याच्या सगळ्या फाइली त्यात गेल्या, अगदी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. ओम्निबसला पीजी-व्हर्जन फाइल सापडली नाही तेव्हा तो थांबला असता, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी वैतागून आलं असतं आणि दुपारपर्यंत ते निस्तरलं असतं.

तेव्हा तुमच्याकडे रात्री क्रॉनमधून बॅकअप निघत असेल, तर उद्या ऑफिसात गेल्यावर तीन गोष्टी बघा. त्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत एन्व्हायर्नमेंट छापायला लावा आणि क्रॉनला काय दिसतं ते आपल्या लॉगिनशी ताडून पाहा. शेवटच्या बॅकअप फाइलचा आकार किती आहे ते पाहा. आणि ती फाइल एखाद्या रिकाम्या मशीनवर उतरवून डेटाबेस सुरू करून पाहा. तिसरं काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस खाईल, आणि ते कुणाच्या नावावर आहे हे विचारलंत तर बहुधा सगळे एकमेकांकडे बघतील. ते स्वतःच्या नावावर लिहून घ्या.